दोन आसनांची मोटार

शनिवार-रविवार जोडून सुटी मिळण्याची सोय नोकरीपेशाच्या लोकांना झाल्यापासून त्या दोन दिवसांचे करावे काय, हा एक नवाच प्रश्न सुशिक्षित घरांतून उत्पन्न झाला आहे. कोणी देवदर्शनास जातात, कोणी आठवड्याची राहिलेली झोप पुरी करतात, कोणी आप्तेष्टांकडील येण्याजाण्याचे देणे फेडतात. परंतु मुंबई-पुण्याकडे एक मंडळी अशी आहे की, तिचा रविवार पहाटे साडेचारला सुरू होतो व सकाळी नऊला संपतो. शर्यतीच्या घाटाच्या, ज्यांस स्पोर्ट्‌स कार म्हणतात, अशा मोटारींचे हे शौकीन होत. कळमनुरीत बसून आम्ही त्यांच्याविषयी लिहावे याचे काही वाचकांस नवल वाटेल. पण आमच्या घराघरांतील मुले शिक्षणास व नोकरीस पुण्याकडे आहेत, त्यांच्या मित्रमंडळींत अशा मोटारी आहेत, आणि अकोल्याहून वाशीम-हिंगोलीवरून नांदेडकडे जाणारा महामार्ग तर आमच्याच शिवारातून जातो. तो चौपदरी झाल्यापासून वेग ही चीज आम्हांसही परकी राहिलेली नाही.

ही मोटार दिसण्यास बुटकी, रुंद आणि जमिनीस इतकी लगटून असते की तिच्या पोटाखाली वीतभरही जागा सापडू नये. यंत्र पुष्कळदा पाठीमागे, सामानाची जागा नावापुरती, आणि आसने बहुधा दोनच. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी पानाला एकाच वेळी अकरा माणसे बसतात, त्यांनी क्षणभर कल्पना करावी! आजोबांना दवाखान्यात न्यावयाचे तर बरोबर नातू बसणार की सून, येथूनच वादास आरंभ. एकट्याच्या आनंदासाठी केलेले हे वाहन आहे, आणि त्यावर बसणाऱ्याने ते कबूल करावे, इतकेच आमचे म्हणणे.

महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध अशी मोटार सचिन तेंडुलकर यांची होती. कसोटी सामन्यांत 29 शतके करून त्यांनी डॉन ब्रॅडमन यांची बरोबरी केली, त्याबद्दल 2002 साली फेरारी 360 मोडेना ही मोटार त्यांस इंग्लंडात मायकेल शूमाकर यांच्या हस्ते मिळाली. मोटार भेटीदाखल आली खरी, पण तिच्यावरची जकात तिच्या किमतीहून अधिक, म्हणजे कोटीच्या वर, निघाली. सरकारने ती माफ केली तेव्हा देशभर गहजब झाला, प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि शेवटी ते पैसे कंपनीने भरले. चारशे अश्वशक्तीची व ताशी 295 किलोमीटरपर्यंत धावू शकणारी ही मोटार मुंबईच्या दिवसाढवळ्याच्या गर्दीत बैलगाडीपेक्षा अधिक धावणे शक्य नव्हते. शहर झोपेत असेल त्या वेळी ती बाहेर काढावी लागे. 2011 साली ती सुरतेच्या एका व्यापाऱ्यास विकली गेली. या शौकाची सारी गंमत व सारी अडचण या एका गोष्टीत सापडते.

शौकिनांचा शनिवार मोटारीच्या सेवेत जातो. मऊ कापडाने अंग पुसणे, काचा निर्मळ करणे, आणि चाकांतील हवा मोजणे. तीही मोटार थंड असतानाच, कारण धावून आलेल्या चाकांतील हवा तापून फुगते व माप खोटे दाखविते. आठवडाभर उभ्या राहिलेल्या मोटारीची बॅटरी उतरते, म्हणून कित्येक जण तिला घरच्या विजेवर एक लहानसे यंत्र जोडून ठेवतात. अलीकडे इंधनाची नवी काळजी लागली आहे. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल 2025 पासून सर्रास मिळू लागले. ज्यांच्याजवळ जुन्या मोटारी आहेत ते रबरी नळ्या व बूच तपासून पाहतात, कारण इथेनॉल जुन्या रबरास मानवत नाही. आमच्याकडील ऊसवाल्यांस ज्या गोष्टीचा आनंद, तीच या मंडळींस डोकेदुखी!

रविवारी अंधारातच निघावयाचे, ठरलेल्या पंपाशी किंवा द्रुतगती महामार्गावरील उपाहारगृहाशी जमावयाचे, आणि उजाडता उजाडता खंडाळ्याचा घाट चढावयाचा. वाट निवडताना अंतर पाहत नाहीत, गतिरोधक मोजतात! नाक इतके खाली की, सरळ गेल्यास ते घासल्यावाचून राहत नाही. म्हणून कोणी तिरपे चाक घालतात, तर कोणाच्या मोटारीत नाक उचलून धरण्याची कळच असते. लोणावळ्यास पोहोचल्यावर मिसळ, ऑम्लेट, चहा आणि तासभर बोलणे. कोणत्या चाकांचे रबर पावसात धरते, कोणाचा क्लच लवकर गेला, कोणत्या वळणावर गियर उतरवावा, या चर्चेत ही मंडळी इतकी रंगतात की, प्रत्यक्ष मोटार चालविण्यास तितका वेळ दिला असेल की नाही याची शंका यावी. भोवती शाळकरी पोरे जमतात, छायाचित्रे निघतात, आणि गर्दी वाढण्याच्या आत सर्व जण घरी परततात.

यास नुसते धनिकांचे चोचले म्हणण्यास आम्ही तयार नाही. अशा मेळाव्यात जुनी फियाट किंवा साधी मारुती स्वतःच्या हाताने खोलून, पाने-पकडी घेऊन तिचा प्राण ओळखणारे मध्यम स्थितीचे तरुणही असतात, आणि आम्हांस खरा शौकीन तोच वाटतो. नळराजाने अयोध्येच्या रथशाळेत ऋतुपर्णासाठी घोडे निवडले ते दिसण्यास कृश होते. राजा नाक मुरडू लागला, पण त्याच घोड्यांनी एका दिवसात विदर्भ गाठला. अश्वविद्या म्हणतात ती हीच. वेगाचा शौक थोरांसही सुटलेला नाही. जे. आर. डी. टाटा यांच्यावर तरुणपणी मुंबईत बुगाटी भरधाव हाकल्याचा खटला झाला. बचावासाठी ते जॅक विकाजी या वकिलांकडे गेले, आणि 1930 साली त्यांच्याच पुतणीशी, थेल्माबाईंशी, त्यांचा विवाह झाला. दंडाच्या भयाने गेलेल्या माणसास असा लाभ सर्वदा होत नाही, हे सांगणे नलगे.

मात्र नळाच्याच कथेत एक गोष्ट आहे, तिकडे आम्ही या मंडळींचे लक्ष वेधू इच्छितो. रथ धावत असता ऋतुपर्णाचे उत्तरीय उडाले. ‘थांब, ते उचलू दे’ असे त्याने म्हणेपर्यंत ते योजनभर मागे पडले होते. हा काव्यातला अलंकार समजू नये. ताशी शंभर किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे 28 मीटर पुढे जाते, आणि समोरचे संकट पाहून पाय ब्रेकवर पडण्यास चांगल्या चालकासही जवळ जवळ एक सेकंद लागतो. पुढे वेग दुप्पट केला की ब्रेक लावून थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. मुंबई-पुणे मार्गावर सपाटीस मोटारींना शंभराची व घाटात साठाची मर्यादा घातली आहे, समृद्धी महामार्गावर एकशेवीसची. आमच्या रस्त्यावर तर हळदीची पोती भरलेला, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर पहाटे उलट्या बाजूनेही येतो. चूक त्याची, हे कबूल. पण 295च्या मोटारीत बसलेल्याने ती गृहीत धरल्याशिवाय गत्यंतर नाही.

येथे आमच्या भागातील माणसास एक विसंगती चटकन दिसते. शंकरपट आम्हांस ठाऊक आहे. बैलजोडी, धुरकरी आणि घड्याळातील सेकंद, एवढ्यावर सारे गाव श्वास रोखून उभे असते. वेगाच्या आनंदात हा खेळ कोणत्याही मोटारीस हार जाणार नाही. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने तो बंद केला, 2021च्या डिसेंबरात अटींवर पुन्हा परवानगी दिली, आणि 2023च्या मे महिन्यात घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य ठरविला. आता पट भरवावयाचा तर सरकारी परवानगी हवी, बैलांची वैद्यकीय तपासणी हवी, आणि धाव हजार मीटरांहून लांब असता कामा नये. दोन बैलांस इतका बंदोबस्त, आणि चारशे घोड्यांस मात्र सार्वजनिक रस्ता मोकळा! रस्त्यावर शर्यत लावणे हा मोटार वाहन कायद्याच्या 189व्या कलमाने गुन्हा आहे, पहिल्या खेपेस तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. पण शर्यतीस जागा कोठे आहे, या प्रश्नाचे उत्तर त्या कलमात नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे 1990 पासून, कोइमतूरला करी स्पीडवेवर, आणि 2011 पासून दिल्लीनजीक ग्रेटर नोएडास असे बांधीव मार्ग आहेत. मोटारींचे कारखाने पुण्याभोवती इतके, तरी त्या तोडीचा मार्ग महाराष्ट्रात नाही. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या सरळ धावा झाल्या, नाशिककडे रॅली झाल्या, कोल्हापुरात मोहिते मंडळींनी लहान गो-कार्टचा मार्ग व शिकविण्याची संस्था काढली. यांपैकी कोल्हापूरचे काम आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते, कारण तेथे मुलगा शिरस्त्राण घालून, निशाण पाहून, दुसऱ्यास जागा देऊन वेग शिकतो.

हे शिक्षण नसले म्हणजे काय होते ते पुण्याने पाहिले आहे. 19 मे 2024, रविवार, उत्तररात्रीची वेळ. कल्याणीनगरात पोर्शे जातीच्या विजेवर चालणाऱ्या मोटारीची धडक बसून मोटरसायकलवरील दोन तरुण अभियंते, एक मुलगा व एक मुलगी, जागीच गेले. दोघेही मध्य प्रदेशातून पुण्यास नोकरीसाठी आलेले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा हाकीत होता, असे पोलिसांचे म्हणणे. तिची पक्की नोंदणीही झालेली नव्हती. त्यास त्याच दिवशी जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घातली गेली, तेव्हा लोकांचा संताप अनावर झाला. आमचे लक्ष मात्र निबंधाहून अधिक किल्लीकडे गेले.

एकत्र कुटुंबात मोटार एकाच्या नावे असते, हप्ता दुसरा भरतो, किल्ली दिवाणखान्यातील खिळ्यावर लटकते, आणि ‘काका, जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो’ असे म्हणून पुतण्या ती उचलतो. 2019च्या दुरुस्तीने आलेले 199अ हे कलम नेमके या खिळ्याविषयी आहे. अल्पवयीनाने मोटार चालवून गुन्हा केल्यास त्याचा पालक अथवा मोटारीचा मालक दोषी धरला जातो. संमती होती असे न्यायालय प्रथमपासूनच मानते, आणि ती नव्हती किंवा आपण खबरदारी घेतली होती, हे सिद्ध करणे मालकाकडे येते. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार दंड. मोटारीची नोंदणी एक वर्ष रद्द होते, आणि मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. म्हणजे ‘मोटार पुतण्याने नेली, मी तर झोपलो होतो’ हे काकांचे उत्तर नुसते पुरत नाही.

काही घरांतून आता ही किल्ली देवघराच्या कपाटात, आजींच्या ताब्यात गेली असल्याचे आम्ही ऐकतो. आजींना मोटारीतील काही कळत नाही. पण किल्ली मागणाऱ्याचा परवाना त्या चष्मा लावून वाचतात, आणि मागच्या आसनावर आपण बसणार असे सांगतात. दोन आसनांच्या मोटारीत ही युक्ती कशी चालावी, ते एखाद्या अनुभवी वाचकभगिनीने आम्हांस अवश्य कळवावे.