जुनी छोटी गाडी: स्वस्ताईचा हिशेब आणि कागदांची जोखीम

२०२५ च्या उत्तरार्धात दोन घटना घडल्या. त्यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. मात्र तीन-साडेतीन लाख रुपयांत वापरलेली छोटी गाडी घेऊ पाहणाऱ्या कुटुंबाला दोन्हींची दखल घ्यावी लागेल. पहिली घटना २२ सप्टेंबरची. त्या दिवसापासून छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरचा उपकरही गेला. दुसरी घटना १० नोव्हेंबरची. त्या संध्याकाळी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ स्फोट होऊन दहाहून अधिक जणांचा बळी गेला. स्फोट झालेली गाडी हरियाणात नोंदलेली, वापरलेली ह्युंदाई आय-२० होती. ती अनेक हातांतून फिरली होती. तपास यंत्रणांना नोंदीतील नावापासून प्रत्यक्ष चालकापर्यंत एकेक दुवा जोडत जावे लागले आणि गाडी कधीच विकून मोकळे झालेल्या लोकांनाही चौकशीला सामोरे जावे लागले.

पहिल्या घटनेने जुन्या गाडीच्या किमतीचे गणित बदलले. दुसरीने तिच्या कागदांत दडलेली जोखीम देशापुढे आणली. गोव्यासाठी हा विषय किरकोळ नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार गोव्यातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे मोटार आहे. देशाची सरासरी आठ टक्क्यांच्याही आत आहे. येथे गाडी ही चैन राहिलेली नाही. अंधार पडल्यावर गावाकडे जाणाऱ्या बसगाड्या विरळ होतात आणि रुग्णालय, महाविद्यालय व नोकरीची जागा एका दिशेला असतेच असे नाही. नवी गाडी परवडत नाही, तेव्हा अशा घराला जुन्या हॅचबॅकचाच आधार असतो.

किमतीचे गणित

करकपातीनंतर मारुती सुझुकीने जाहीर केलेल्या किमतींत एस-प्रेसो सुमारे साडेतीन लाखांपासून, ऑल्टो के-१० सुमारे तीन लाख सत्तर हजारांपासून आणि वॅगन-आर पाच लाखांच्या किंचित खाली सुरू होत होती. या शोरूममधील किमती आहेत. नोंदणी, कर आणि विमा धरला की आकडा वाढतो. तरीही साडेतीन लाखांत चार-पाच वर्षे वापरलेली वॅगन-आर घ्यावी, की आणखी पन्नास-साठ हजार घालून मूळ रूपातली नवी छोटी गाडी घ्यावी, हा प्रश्न आता खरा झाला आहे. पूर्वी या दोन पर्यायांत बरेच अंतर असे. नव्या गाडीची किंमत उतरली की जुनीची उतरायलाच हवी, पण विक्रेते जुन्या भावाला चिकटून राहतात. म्हणून घासाघीस करण्याआधी त्याच मॉडेलची आजची नवी किंमत माहीत असली पाहिजे. दोन-तीन वर्षे वापरलेली गाडी नवीपेक्षा जेमतेम दहा-पंधरा टक्क्यांनी स्वस्त मिळत असेल, तर त्या व्यवहारात अर्थ नाही. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्याच्या कर्जापेक्षा बहुधा जास्त असतो, हेही त्या हिशेबात धरावे.

करकपातीच्या गोंगाटात आणखी एक बदल झाकला गेला. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेर येथे झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत जुन्या छोट्या गाड्यांवरील कर १२ वरून १८ टक्के करण्याचा निर्णय झाला. त्यावरून बराच गैरसमज पसरला. हा कर गाडीच्या पूर्ण किमतीवर लागत नाही, नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर लागतो. व्यापाऱ्याने तीन लाखांना घेतलेली गाडी तीन लाख चाळीस हजारांना विकली, तर चाळीस हजारांवर १८ टक्के म्हणजे ७,२०० रुपये. आधीच्या दराने तो ४,८०० झाला असता. फरक २,४०० रुपयांचा आहे. दोन खासगी व्यक्तींमधील व्यवहारावर हा कर लागतच नाही. तेव्हा ‘जीएसटी वाढला’ असे सांगून कोणी वीस-पंचवीस हजार वाढवून मागत असेल, तर ती सबब समजावी.

भोपाळचा धडा

ऑनलाइन बाजारामुळे गोव्यातील ग्राहक आता मडगाव-म्हापशातल्याच गाड्या पाहत नाही, परराज्यांतले भावही त्याला घरबसल्या दिसतात. शिक्षण-नोकरीनिमित्त बाहेर असलेली मुले तिथेच गाडी घेऊन ती परत आणण्याचा विचार करतात. एम्स, आयसर, मौलाना आझाद राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आणि भेल यांच्यामुळे देशभरातील माणसे जिथे येऊन राहतात, ते भोपाळ या दृष्टीने पाहण्याजोगे आहे.

मध्य प्रदेशात ग्वाल्हेरचा व्यापार मेळा भरतो. माधवराव शिंदे यांनी १९०५ मध्ये सुरू केलेल्या या मेळ्यात अलीकडच्या वर्षांत वाहनांच्या आजीवन करावर ५० टक्के सवलत दिली जाते. उज्जैनच्या मेळ्यातही तशी सवलत दिली गेली. ग्वाल्हेरची सवलत हवी तर नोंदणी तिथल्याच परिवहन कार्यालयात करावी लागते. त्यामुळे भोपाळमध्ये राहणाऱ्या माणसाची गाडी ‘एमपी ०४’ ऐवजी ग्वाल्हेरच्या ‘एमपी ०७’ क्रमांकाची असू शकते. अर्धा कर वाचलेली गाडी पुढे विकताना मालक थोडा कमी भाव स्वीकारू शकतो आणि तो भाव गोव्यातून पाहणाऱ्याला मोहात पाडतो.

ही स्वस्ताई राज्याची सीमा ओलांडेपर्यंतच टिकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहिली, तर तिथला नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे नमुना २८ मधील ना हरकत प्रमाणपत्र लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा बोजा आधी उतरवावा लागतो. गोव्यात गाडीच्या वयानुसार पुन्हा कर भरायचा आणि मध्य प्रदेशात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी तिथल्या कार्यालयाकडे पाठपुरावा करायचा. गाडी आणण्याचा खर्च आणि भोपाळच्या एक-दोन खेपा धरल्या, तर तीस-चाळीस हजारांची बचत सहज विरून जाते. भोपाळमध्येच दोन-तीन वर्षे राहणाऱ्याने तिथे गाडी घेऊन तिथेच विकणे शहाणपणाचे. गोव्यात वापरायची गाडी गोव्यातच पाहावी.

दिल्लीच्या नियमांचाही यात भाग आहे. राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने निर्बंध घातले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. १ जुलै २०२५ पासून अशा गाड्यांना इंधन नाकारण्याचा प्रयोग काही दिवसांतच थांबवावा लागला. ऑगस्टमध्ये न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ व त्यापुढील गाड्यांपुरते मर्यादित केले. या अनिश्चिततेत दिल्लीकर मालक ना हरकत प्रमाणपत्र घेऊन गाड्या इतर राज्यांत विकतात. नव्या राज्यात क्रमांक बदलला की पाटीवरून मूळ गाव कळत नाही. म्हणून भोपाळ असो वा फोंडा, पहिली नोंदणी कुठे आणि कधी झाली, हे नोंदणीच्या कागदांतच पाहावे.

नाव कोणाचे, जबाबदारी कोणाची

‘सह्या करून ठेवा, नाव नंतर बदलू’ हे जुन्या गाडीच्या व्यवहारातील सर्वांत महागडे वाक्य आहे. कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतर कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि ३० आहेत. प्रत्यक्षात कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन गाडी दलालाकडे जाते आणि दोन-तीन ग्राहक बदलले तरी नोंदीत पहिलेच नाव राहते.

याचा परिणाम फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालात स्पष्ट दिसतो. एक मोटार एकामागून एक चौघांकडे गेली होती, मात्र नोंद पहिल्याच मालकाच्या नावे होती. गाडीने अपघात झाला आणि भरपाईचा प्रश्न उभा राहिला. नोंदीत ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे न्यायालयाने ठरवले. अपघातग्रस्ताने मालकांच्या साखळीचा शोध घेत फिरायचे नाही, हे त्यामागचे तत्त्व रास्त आहे. मात्र त्याचा अर्थ विकणाऱ्यानेही समजून घ्यायला हवा. पैसे हातात पडले म्हणजे गाडी सुटली असे होत नाही.

विकत घेणाऱ्याचे नुकसान वेगळ्या बाजूने होते. हस्तांतरानंतर १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज करायचा असतो. तो केला नाही, तर त्रयस्थाला झालेल्या हानीचे संरक्षण टिकले तरी आपल्याच गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो. दावा न केल्याबद्दल मिळालेली सवलत विकणाऱ्याकडेच राहते, गाडीबरोबर येत नाही. त्यामुळे विम्याचा हप्ता वाढणार, हे आधीच धरून चालावे.

केंद्र सरकारने या पळवाटेवर उपाय केलेला आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला परिवहन कार्यालयाची अधिकृतता घ्यावी लागते. मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की नमुना २९-सी मधून तशी सूचना दिली जाते आणि त्या क्षणापासून व्यापारी मानीव मालक ठरतो. ही तरतूद विकणाऱ्याचे मोठे संरक्षण आहे. ती ठाऊक असलेले ग्राहक मात्र फार भेटत नाहीत. व्यापाऱ्याशी बोलताना पहिला प्रश्न त्याच्या अधिकृततेचा असावा.

आधी वर्ष, मग मॉडेल

कागद ठीक असतील तर गाडीकडे वळावे. येथेही मॉडेलच्या आधी निर्मितीचे वर्ष पाहावे, कारण सुरक्षेचे नियम टप्प्याटप्प्याने आले. एप्रिल २०१९ पासून एबीएस आणि जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या आसनासाठीची एअरबॅग आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलना २०२१ च्या अखेरीस बंधनकारक झाली. म्हणजे २०२२ किंवा त्यानंतर बनलेल्या साध्यातल्या साध्या गाडीत दोन्ही एअरबॅग असतात. २०१८ च्या मूळ रूपातील गाडीत एकही नसू शकते. पंधरा-वीस हजारांसाठी हा फरक सोडू नये.

१ एप्रिल २०२० नंतरच्या गाड्या बीएस-६ आहेत. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी लागणारे सुटे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत आले. त्याआधीच्या गाड्या आता तेच पेट्रोल पितात. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात अशा काही चारचाकींची इंधनक्षमता सहा-सात टक्क्यांपर्यंत घटेल, असा अंदाज होता. जुन्या गाड्यांतील काही रबरी भाग बदलावे लागू शकतात, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही सांगितले आहे. गाडी दहा वर्षांची असेल तर हा खर्च मनात धरावा. नोंदणीची पंधरा वर्षे संपत आलेली गाडी ‘फार स्वस्त’ वाटते. एप्रिल २०२२ पासून फेरनोंदणीचे शुल्कच ५,००० रुपये आहे आणि ती पाच वर्षांपुरतीच मिळते.

मॉडेल निवडताना सुटे भाग आणि गावात भेटणारा मेकॅनिक यांना महत्त्व द्यावे. शेवरोले २०१७ च्या अखेरीस भारतातील विक्री थांबवून गेली, फोर्डने २०२१ मध्ये उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले आणि डॅटसन २०२२ मध्ये बंद झाली. बीट, फिगो किंवा रेडी-गो म्हणून आकर्षक भावात मिळतात. वॅगन-आर, स्विफ्ट, ग्रँड आय-१० किंवा टियागो चार पैसे जास्त मागतात, पण तालुक्याच्या गावातही दुरुस्त होतात आणि पुढे विकल्याही जातात.

गोव्यातील दोन गोष्टी वेगळ्याने तपासाव्यात. खाऱ्या हवेने आणि लांब पावसाळ्याने पत्रा खालून गंजतो, म्हणून गाडी गॅरेजमध्ये उचलून खालचा भाग पाहावा. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन चकचकीत करता येते. मात्र सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला तर चिखलाचा डाग दिसतो आणि पायपोसाखालचा गालिचा उचलला तर वास येतो. दुसरे म्हणजे, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे मिरवणाऱ्या भाड्याच्या गाड्या काही वर्षांनी खासगी नोंदणीत येतात. तशी गाडी घेऊच नये असे नाही, पण तो भूतकाळ भावात उतरला पाहिजे. सकाळी इंजिन थंड असताना गाडी सुरू करून पाहणे, ओळखीच्या मेकॅनिकला बरोबर नेणे आणि अंदाजपत्रकाचा दहावा हिस्सा टायर, बॅटरी व क्लचसाठी राखून ठेवणे, एवढे केले तरी बहुतेक फसगती टळतात.

सरकारच्या वाट्याचे काम

ग्राहकाला सावध राहा म्हणणे सोपे आहे. कायद्याने मुदती घातल्या, नियमांनी व्यापाऱ्याला जबाबदार धरले, तरी कोऱ्या सह्यांचा व्यवहार चालतो, कारण हस्तांतर हे सामान्य माणसाला अजून कटकटीचे वाटते आणि दलाल तीच कटकट विकतो. गोवा लहान राज्य आहे. वाहतूक खात्याने मनावर घेतले तर अधिकृत व्यापाऱ्यांची तालुकानिहाय यादी जाहीर करणे, विकणाऱ्याने ताबा दिल्याची सूचना देताच त्याला पोच मिळेल हे पाहणे आणि मुदत उलटलेल्या हस्तांतरांचा पाठपुरावा करणे ही अवघड कामे नाहीत. लाल किल्ल्याजवळच्या स्फोटानंतर नोंदीतील नाव हा सुरक्षेचाही प्रश्न झाला आहे. तो केवळ पोलिसांनी नाक्यांवर गाड्या अडवून सुटणार नाही.

करकपातीने नव्या गाडीची किंमत कमी केली, हे चांगलेच झाले. तरीही पहिली गाडी जुनीच घेणारी कुटुंबे बरीच राहतील. त्यांच्याकडे चुकीच्या व्यवहाराचा भुर्दंड सोसण्याइतकी शिल्लक नसते. गाडीचा ताबा ज्या दिवशी बदलतो त्याच दिवशी कायद्याच्या नजरेत तिचा मालकही बदलावा, एवढी व्यवस्था उभी राहिली तर तीन लाखांची जुनी हॅचबॅकही त्या घराला निर्धास्तपणे वापरता येईल.