संघ होते, हंगाम कुठे होता?

२०२४-२५ची इंडियन सुपर लीग फुटबॉल स्पर्धा मोहन बागानचीच होती. २४ सामन्यांत ५६ गुण मिळवून त्यांनी साखळीतल्या अव्वल संघाची शील्ड राखली. अंतिम सामन्यात बंगळुरूविरुद्ध मागे पडूनही कमिंग्जची पेनल्टी आणि जादा वेळेतला मॅक्लारेनचा गोल यांच्या जोरावर कपही उचलला.

आमचा जीव मात्र मुंबई आणि गोव्यात अडकलेला. आदल्या वर्षीचा कपविजेता मुंबई सिटी कसाबसा सहावा आला आणि बाद फेरीत बंगळुरूकडून ०-५ असा सपाटून मार खाल्ला. नोगेरा, दियाझ आणि आपला मुंबईकर राहुल भेके हे तिघेही मुंबई सोडून त्याच बंगळुरूत गेलेले! घडी विस्कटली की असंच होतं. गोवा दुसरा आला, सुपर कपच्या अंतिम सामन्यात जमशेदपूरला ३-० हरवलं. सातत्यात आमच्या लेखी तोच सरस.

पुढचं भाकीत करायचं तरी कशावर होतं? फुटबॉल महासंघ आणि लीगचे आयोजक यांच्यातल्या कराराची मुदत डिसेंबर २०२५ची होती. त्या घोळात जुलै २०२५मध्ये पुढचा हंगामच लांबणीवर पडला. सामने कधी हेच ठाऊक नसताना क्लबांनी खेळाडूंशी करार कशाच्या भरवशावर करायचे होते? महासंघाने आधी वेळापत्रक द्यायला हवं होतं. गुणतक्त्याची भांडणं आम्ही चाहते आनंदाने भांडलो असतो.