खेचरांच्या वाटेवर सायकल

स्वित्झर्लंड-इटली सीमेवरील स्प्लूगन खिंडीतून (उंची सुमारे २,११५ मीटर) इटलीतील क्यावेन्नाकडे उतरणारी खेचरांची जुनी वाट मी काही पायी, काही सायकलवर केली. कार्दिनेल्लोच्या घळीत ती कड्यात खोदलेली, अतिशय अरुंद आहे. डिसेंबर १८०० मध्ये जनरल मॅकडोनाल्डच्या फ्रेंच सैन्यातील माणसे व जनावरे याच मार्गावर हिमलोटांत गेली. घळीतील एका वळणावर सहा-सात वर्षांची मुलगी अचानक समोर आली. ब्रेक लागला, हा केवळ दैवयोग! बालरोगतज्ज्ञ म्हणवणाऱ्या मला तिच्या आईच्या नजरेस नजर देववेना. शिरस्त्राण माझ्या डोक्यावर होते, तिच्या नव्हे. माझे स्पष्ट मत आहे की, अशा घळीत सायकलस्वाराने उतरून सायकल हाती धरूनच चालावे. पुढची वाट मी तशीच उतरलो. गुडघे मात्र आठवडाभर कुरकुरत होते.