अजगरास आळशी म्हणण्यापूर्वीं

दुपारच्या तासास एखादा विद्यार्थी पेंगूं लागला म्हणजे "अजगरासारखा काय पडला आहेस?" असें मीं पुष्कळदां म्हटलें आहे. गेलीं कांहीं वर्षें हा वाक्प्रचार मीं सोडून दिला आहे. तो कां सोडला, हें या अंकाच्या वाचकांस, आणि विशेषतः ज्यांचीं घरें डोंगराच्या पायथ्याशीं आहेत अशा पालकांस, सांगावें असें वाटतें.

आपल्या कोंकणांत रात्रीं सापाचें नांव घेत नाहींत. 'जनावर' किंवा 'लांबडें' म्हणतात. ही भीति मूर्खपणाची आहे असें मी म्हणणार नाहीं. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें बारा लक्ष माणसें दगावलीं, असा संशोधकांचा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. परंतु आमची भीति लांबी पाहून वाढते, आणि येथेंच घोटाळा होतो. फुरसें जेमतेम दीड-दोन वितींचें. वाळलेल्या पाल्यांत पडलें तर दिसतही नाहीं. तें खरें घातकी. उलट सात फुटांची धामण निर्विष, आणि दहा-बारा फुटांचा अजगरही निर्विष. देहानें प्रचंड असून विषारी असा नागराज एक आहे खरा. पण तो दक्षिणेकडील दाट पावसाळी अरण्यांचा रहिवासी.

धामण गाईच्या पायांस विळखा घालून दूध पिते, ही गोष्ट तर प्रत्येक आजीनें सांगितलेली असते. सापाच्या तोंडास दूध ओढून पिण्याची सोयच नाहीं. धामण गोठ्यांत येते ती उंदरांकरितां. गोष्ट गोड, पण तिच्यापायीं पुष्कळ धामणी मरतात.

आतां माझा स्वतःचा प्रसंग. मी नुकताच शिक्षक झालों होतों. मे महिन्यांत गांवाजवळच्या एका जुन्या चिरेखाणीच्या कपारींत अजगर निघाल्याची आरोळी उठली. मीही धांवत गेलों. जनावर वेटोळें करून बसलें होतें. दगड मारले तरी जागचें हललें नाहीं. "सुस्त आहे, बकरूं गिळलेलें दिसतें," असें कोणी म्हणालें, व मीं मान डोलाविली. अज म्हणजे बकरा, आणि त्यास गिळणारा तो अजगर, ही व्युत्पत्तिदेखील त्या गर्दींत मीं जवळच्या मुलांस ऐकविली, याची आज लाज वाटते. कोयत्यानें काम उरकलें. वेटोळें सुटलें तेव्हां खालीं पांढऱ्या अंड्यांचा ढीग होता. वीस-पंचवीस तरी असावींत. पोटांत बकरूं नव्हतेंच.

ती पळाली कां नाहीं, हें मला पुढें वाचनांत कळलें. अजगराची मादी अंड्यांभोंवतीं वेटोळें घालून सुमारें दोन महिने बसते, आणि त्या काळांत बहुधा कांहीं खात नाहीं. हवा गार झाली म्हणजे, थंडीनें माणूस कुडकुडतो त्याप्रमाणें, ती आपले स्नायू पुनः पुनः आखडते, आणि त्या श्रमाची ऊब अंड्यांस देते. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयांत ब्रह्मी अजगराच्या एका मादीवर याचीं मापें घेऊन तीं १९६६ सालीं प्रसिद्ध करण्यांत आलीं. साप हा थंड रक्ताचा प्राणी, असें आम्हीं मुलांकडून पाठ करवून घेतों. आणि तोच प्राणी उपाशीं राहून पिलांकरितां शेगडी होतो! अशा जीवाचें नांव मीं आळसास दिलें होतें.

"गुरुजी, आमच्या कोंबड्या जातात त्याचें काय?" असें पालक विचारतात. प्रश्न रास्त आहे. गरिबाची कोंबडी म्हणजे थोडें नुकसान नव्हे. मात्र गेलेली कोंबडी दिसते. घुशींनीं व उंदरांनीं बिळांत नेलेलें भात कोणी मोजीत नाहीं. खुराड्यास बारीक जाळी ठोकली तर कोंबडीही राहील आणि अजगरही. माणसें गिळल्याच्या बातम्या दाखविणारेही भेटतात. २०१७ सालीं इंडोनेशियांतील सुलावेसी बेटावर तसें घडलें हें खरें. पण तो जाळीदार अजगर होता. आपल्या देशांत ती जात निकोबार बेटांतच आढळते, कोंकणांत नाहीं.

आमच्या समाजांतील कांहीं वडील मंडळी मला एदेन बागेंतील शाप ऐकवितात. त्यांस माझी नम्र विनंति इतकीच, कीं उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायावर बोट ठेवण्यापूर्वीं एक-दोन पानें मागें जावें. तेथें सरपटणारे प्राणी निर्माण होतात, आणि निर्मात्यास ते पसंत पडतात.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अजगरास पहिल्या अनुसूचींत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस, बसविलें आहे. त्यास मारल्यास तीन ते सात वर्षांचा कारावास आहे. आम्ही खाणींत जमलों त्या दिवशींही हा कायदा होताच. मजुरांस तो ठाऊक नव्हता. पदवीधर शिक्षकास ठाऊक असावयास हवा होता.

अजगर दिसल्यास लहान मुलें व कुत्रीं दूर न्यावीं, वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें, आणि माणसें येईपर्यंत लांबून नजर ठेवावी. त्याचे दांत आंत वळलेले असतात. हात सांपडला तर मोठी जखम होते. गळ्यांत साप घालून छायाचित्र काढून घेण्याचा जो नवा छंद निघाला आहे, त्यास शौर्य म्हणण्याची माझी तयारी नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत आमच्या सातवीच्या एका मुलाच्या पोफळीच्या बागेंत अजगर आला. त्यानें थोरल्या बहिणीस दूरध्वनि करावयास सांगितलें, कुत्रें बांधलें, आणि वनखात्याचे लोक येईपर्यंत तीन तास भर पावसांत, शेजाऱ्यांच्या काठ्या अडवीत, तो तेथें उभा राहिला. दुसऱ्या दिवशीं तो शाळेंत उशिरां आला. उशिराचें कारण सांगून झाल्यावर त्यानें विचारलें, "सर, ती मादी असेल का?" मला सांगतां आलें नाहीं.