प्रीपोन

माझी भाची नववीत आहे. सहामाहीच्या इंग्रजीच्या पेपरात मुख्याध्यापकांना पत्र लिहायचं होतं. स्नेहसंमेलन 'प्रीपोन' झालं आहे, तेव्हा तालमीसाठी सभागृह लवकर मिळावं, असं तिने लिहिलं. तपासणाऱ्या बाईंनी त्या शब्दाभोवती लाल गोल काढला, असा शब्दच नाही असा शेरा मारला आणि अर्धा मार्क कापला. भाचीला त्याचं फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते माझ्या वडिलांना. त्यांची सगळी नोकरी बँकेत गेली. ऑडिट अलीकडे आलं, मीटिंग अलीकडे घेतली, की हेड ऑफिसच्या पत्रात ते हाच शब्द लिहीत आणि समोरूनही हाच शब्द येई. पेपर हातात धरून त्यांनी मला विचारलं, "मग आम्ही इतकी वर्षं काय लिहीत होतो गं?"

त्यांच्या या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं.

आधी शब्दाची घडण पाहू. लॅटिनमध्ये 'पोनेरे' म्हणजे ठेवणे. 'पोस्ट' म्हणजे नंतर, 'प्री' म्हणजे आधी. नंतर ठेवणं ते पोस्टपोन, आधी ठेवणं ते प्रीपोन. एक जर नियमात बसतो, तर दुसराही बसतो. आणि हा शब्द आपल्याकडच्या कचेऱ्यांतच पहिल्यांदा जन्मला, हा समजही खरा नाही. समोर ठेवणे या अर्थाने तो सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत सापडतो. आजच्या अर्थाने तो 1913 साली न्यूयॉर्क टाइम्समधल्या एका वाचकपत्रात आला. सगळीकडे घाईगर्दी वाढली आहे, वकीलमंडळींना पोस्टपोनच्या जोडीला असा एक शब्द हवा, असं त्या पत्रलेखकाचं म्हणणं होतं. अमेरिकेत तो रुजला नाही. आपल्याकडे रुजला. परीक्षांच्या वेळापत्रकात, रेल्वेच्या सूचनांत, लग्नाच्या तारखांत तो रोज वापरला जातो.

आपल्याकडेच का रुजला, याचं एक कारण मला मराठीत दिसतं. 'मीटिंग पुढे घेतली' असं आपण म्हणतो, तेव्हा ती लांबलेली असते. 'साखरपुडा पुढे गेला' म्हणजे उशिरा होणार. पण याच ठिकाणी इंग्लंडमधला माणूस 'ब्रिंग फॉरवर्ड' म्हणतो, आणि त्याचा अर्थ बरोबर उलटा असतो: ठरल्या वेळेच्या आधी घेणे. शब्दाला शब्द ठेवला तर ते होतं 'पुढे आणणे', आणि मराठी कान ते 'लांबवणे' असंच ऐकणार. त्या एका गैरसमजापायी एखाद्याची गाडी चुकू शकते. 'अलीकडे आणणे' हे जे आपण मराठीत स्वच्छ सांगतो, ते तितक्याच स्वच्छपणे सांगणारा शब्द आपल्याला इंग्रजीत हवा होता. प्रीपोनने ते काम केलं. या बाबतीत खुद्द इंग्रजी बोलणारेही गोंधळतात. बुधवारची मीटिंग दोन दिवस 'मूव्ह फॉरवर्ड' केली, तर ती आता कोणत्या वारी? मानसशास्त्रज्ञांनी हा प्रश्न अनेकांना विचारला आहे. काही जण सोमवार म्हणतात, काही शुक्रवार. प्रीपोन म्हटलं असतं, तर सगळ्यांनी सोमवारच सांगितला असता.

कोशात नाही तो शब्द नव्हे, असं मानणाऱ्यांनी 'डॉर्ड'ची हकिगत लक्षात ठेवावी. वेबस्टरच्या मोठ्या कोशाचं काम चालू असताना, 1931 साली, रसायनशास्त्राच्या संपादकांनी एक चिठ्ठी पाठवली. मोठा 'डी' किंवा छोटा 'डी' हे घनतेचं संक्षिप्त रूप आहे, एवढंच तिच्यात होतं. 'किंवा'साठी इंग्रजीत 'ऑर' असतं. डी, ऑर, डी ही अक्षरं कुणीतरी सलग वाचली आणि चिठ्ठी संक्षेपांऐवजी शब्दांच्या गठ्ठ्यात गेली. 1934 च्या आवृत्तीत 'डॉर्ड : घनता' अशी नोंद उच्चारासकट छापून आली. नोंदीत व्युत्पत्ती नाही, हे 1939 मध्ये एका संपादकाच्या नजरेला आलं, पण ती छापील प्रतींतून जायला 1947 उजाडलं. तेरा वर्षं तो शब्द जगातल्या एका नामांकित कोशात होता, आणि तो एकाही माणसाच्या तोंडात नव्हता.

हे दोन शब्द शेजारी ठेवून मी बाबांना माझं मत सांगितलं. माणसं बोलतात, ऐकणाऱ्याला कळतं, आणि ते वर्षानुवर्षं चालतं, तेव्हा शब्द खरा होतो. कोशकार त्याचा साक्षीदार, न्यायाधीश नव्हे. ऑक्सफर्डच्या कोशांत आज प्रीपोन आहे, मेरियम-वेबस्टरमध्येही आहे, भारतीय वापराची खूण लावून. पण ती नोंद होण्याआधी बाबांनी लिहिला, तेव्हाही तो शब्दच होता. आपल्या मुंगसाचं 'मंगूस' झालं, तेही असंच, बोलता बोलता.

बाईंची बाजूही पूर्ण चुकीची नाही. हे पत्र लंडनला जाणार असतं, तर मीच भाचीला दुसरा शब्द घ्यायला सांगितलं असतं, कारण वाचणाऱ्याला तो कदाचित कळला नसता. कुठे काय शोभतं, हे मुलांना शिकवायलाच हवं. 'अपडेशन' मला स्वतःला आवडत नाही. 'अपडेट' असताना ते शेपूट कशाला? मी ते लिहीत नाही. पण 'मी लिहीत नाही' आणि 'असा शब्दच नाही' यांत फार अंतर आहे. पहिली निवड आहे. दुसऱ्याने एका मुलीला सांगितलं, की तिच्या घरातलं, तिच्या आजोबांचं इंग्रजी खोटं आहे.

शिक्षकांना माझी विनंती आहे. लाल गोल काढण्याआधी एकदा नवा कोश उघडून पाहा. आणि त्यातही शब्द सापडला नाही, तर तो कुणाकडून ऐकलास, हे मुलाला विचारा.