टेकडी राहिली, गाणी गेली

विसाव्या वर्षी ज्यांनी जगाला शिव्या दिल्या, त्यांना चाळिशीच्या तोंडावर त्याच दिवसांचे उमाळे येऊ लागले आहेत. डोळ्यांवर ओढलेली काळी झुलपे, काजळ, घट्ट तुमान आणि हुंदक्यापाशी थांबणारे गाणे, असा हा अमेरिकेतील ‘इमो’ पंथ. ज्या संगणकावर ती गाणी ऐकली, त्याच्या पडद्यावरील हिरवी टेकडी हा त्याचा जणू देव्हारा. आज नव्या यंत्रावर २००१ सालच्या ‘विंडोज एक्सपी’ची निळी पट्टी चढवावयाची आणि गहिवरावयाचे, हा परिपाठ झाला आहे. गहिवरास आमची हरकत नाही. परंतु हरवले काय, याची विचारपूस करावयाची की नाही?

१९८५ च्या सुमारास वॉशिंग्टन शहरी ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’ या संचाने मनाची व्यथा चारचौघांत उघडी केली. पुरुषानेही रडावे, हेच त्यातले बंड. मार्च २००८ मध्ये मेक्सिकोतील केरेतारो येथे जमावाने अशा वेशाच्या पोरांना भर चौकात मारले. त्या माराची आठवण कोणी काढीत नाही. २०२२ साली लास व्हेगासच्या मोठ्या जलशात तिकीट लावून विकले गेले ते उमाळेच!

कोणी म्हणेल, स्मरण हे निवडकच असावयाचे. मान्य. पण निवडले काय? नवख्या पोरांनी आपली गाणी ‘मायस्पेस’वर ठेविली होती. २०१६ पूर्वीची ती गाणी स्थलांतरात नष्ट झाल्याचे २०१९ साली उघड झाले. संख्या पाच कोटींच्या घरात असल्याचे तेव्हा छापून आले. त्यांतील ४ लाख ९० हजार गाणी काही अभ्यासकांनी मुकाट्याने उतरवून ठेविली होती, म्हणून ‘इंटरनेट अर्काइव्ह’ला ती लोकांपुढे ठेविता आली. गहिवरणाऱ्यांपैकी कितीजणांनी आपल्या जुन्या यंत्रातील एखादे तरी गाणे असे जपले? झुलपे मात्र सर्वांना आठवतात.

आणि ती टेकडी? जानेवारी १९९६ मध्ये चार्ल्स ओ’रीअर यांनी कॅलिफोर्नियाच्या सोनोमा भागात तिचे छायाचित्र घेतले. तेथील द्राक्षवेली कीड लागून उपटल्या गेल्या होत्या, म्हणून नुसते गवत दिसले. पुढे तेथे पुन्हा वेली लावण्यात आल्या.