तुरुंगाने दिलेली साक्ष : ‘द प्रिझनर’चा शेवट आणि त्याचे भाष्यकार

‘द प्रिझनर’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेच्या ‘फॉल आउट’ या सतराव्या व अखेरच्या भागावर जे भाष्य झाले आहे, त्यातील बहुतेक एका वाक्यात सांगता येते : माणसाचा तुरुंगाधिकारी तो स्वतःच असतो. फेब्रुवारी १९६८मध्ये हा भाग प्रसारित झाला तेव्हा प्रेक्षक संतापले होते. भाष्यकारांनी त्या संतापावर या वाक्याचा लेप दिला आणि तो अद्याप वाळलेला नाही. वाक्य खोल वाटते. प्रत्यक्षात ते संहितेच्या अर्धवट वाचनातून आलेले आहे. आणि त्याहून गंभीर बाब अशी की, ज्या सत्तेविरुद्ध ही मालिका उभी राहते त्या सत्तेलाच ते निर्दोष सोडते.

कथासूत्र थोडक्यात असे. राजीनामा देणाऱ्या एका गुप्तहेराला पळवून ‘व्हिलेज’ नावाच्या रमणीय, नीटनेटक्या वस्तीत डांबले जाते. त्याचे नाव काढून घेऊन त्याला ‘क्रमांक सहा’ केले जाते. राजीनाम्याचे कारण वदवून घेण्यासाठी वेगवेगळे ‘क्रमांक दोन’ त्याच्यावर प्रयोग करतात. ‘क्रमांक एक’ कोण, हे कोणी सांगत नाही. अखेरच्या भागात झगा घातलेल्या एका आकृतीचा मुखवटा नायक ओढून काढतो. खाली माकडाचा मुखवटा निघतो, आणि त्याखाली वेड्यासारखा हसणारा त्याचा स्वतःचा चेहरा. भाष्यकार येथे पोहोचतात आणि थांबतात.

परंतु हा चेहरा दाखवतो कोण, आणि कोठे? तो व्हिलेजच्या तळघरात, व्हिलेजनेच घडवून आणलेल्या भेटीत दिसतो. ज्या संस्थेने सोळा भाग केवळ देखावे उभे केले, तिचा सतरावा देखावा तेवढा सत्यदर्शन कसा ठरतो? ‘द चाइम्स ऑफ बिग बेन’मध्ये लंडनचे कार्यालय बनावट निघते. ‘मेनी हॅपी रिटर्न्स’मध्ये नायक खरोखर लंडनला पोहोचतो आणि पुन्हा वस्तीत आणून टाकला जातो. ‘द स्किझॉइड मॅन’मध्ये तर त्याचा हुबेहूब तोतयाच त्याच्यासमोर उभा केला जातो. म्हणजे नायकाचा चेहरा दुसऱ्याच्या धडावर दिसणे, हे या मालिकेत तुरुंगाचे जुने तंत्र आहे. ‘फॉल आउट’मधला चेहराही तोतयाचाच, असा दावा करण्याचे कारण नाही. मुद्दा एवढाच की, दिसणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याची उलटतपासणी करायला मालिकेनेच प्रेक्षकाला शिकवले आणि भाष्यकारांनी नेमकी शेवटची तपासणी टाळली. शीर्षकदृश्यात ‘क्रमांक एक कोण?’ या प्रश्नाला ‘तू क्रमांक सहा आहेस’ असे उत्तर मिळते. मूळ इंग्रजी वाक्यात एक स्वल्पविराम घातला की ‘तूच, क्रमांक सहा’ असा अर्थ निघतो. ही क्लृप्ती रंजक आहे. पण ते उत्तर क्रमांक दोनच्या तोंडचे आहे, याचा विसर पडतो. तुरुंगाधिकारी कैद्याला सांगतो की तुझा तुरुंगाधिकारी तूच, आणि समीक्षा ते लिहून घेते!

मुखवट्याच्या प्रसंगाइतकाच त्याआधीच्या सभेचा प्रसंग महत्त्वाचा आहे, किंबहुना अधिक. पांढरे झगे आणि काळे-पांढरे मुखवटे घातलेले प्रतिनिधी बसले आहेत. त्यांच्यापुढच्या फलकांवर ‘कल्याण’, ‘उपचार’ यांसारख्या खात्यांची नावे आहेत; गंमत म्हणजे ‘अराजकवादी’ यांनाही तेथे जागा राखून ठेवलेली आहे. न्यायाधीशाच्या वेषातील अध्यक्ष नायकाचा व्यक्ती असण्याचा हक्क मान्य करतो. क्रमांक जातो, ‘सर’ हे संबोधन येते, सिंहासन येते, घराच्या किल्ल्या, पारपत्र आणि पैसेही येतात. नायक बोलायला उभा राहतो आणि ‘आय’ एवढाच शब्द उच्चारतो. लगेच सारी सभा ‘आय, आय, आय’ असा गजर करते आणि त्याचे भाषण त्यात बुडते. इंग्रजीत ‘मी’ आणि ‘मान्य’ या दोहोंचा उच्चार एकच. ‘मी’ म्हणताच अनुमोदन होते, आणि अनुमोदनाच्या गदारोळात ‘मी’ ऐकू येत नाही. व्यक्तीला हाक मारूनच व्यवस्था तिला आपली प्रजा बनवते, ही मांडणी आल्थ्युसरने १९७०मध्ये केली. ‘फॉल आउट’ दोन वर्षे आधी ती रंगमंचावर आणतो. ‘व्यक्ती विरुद्ध व्यवस्था’ या सोप्या जोडीवर पोसलेल्या समीक्षेला येथे अडचण व्हायला हवी होती, कारण येथे व्यवस्थाच व्यक्तिवादाचा जयघोष करते आहे. अशा सभेनंतर ‘सारे काही तुझ्या आत आहे’ हा संदेश मुक्तीचा कसा मानायचा?

यावर हमखास पुढे येणारा पुरावा म्हणजे १९७७ची, कॅनडातील दूरचित्रवाणीवरची पॅट्रिक मॅकगूहन यांची मुलाखत. नायक, या भागाचे लेखक आणि दिग्दर्शक तेच. माणसाला सतत झुंजावे लागते ते स्वतःतल्याच वाईट अंशाशी, असे त्यांनी तेथे सुचवले. विम्सट आणि बिअर्ड्‌स्ली यांचा हेतुदोषावरील निबंध १९४६चा; बार्थने लेखकाचा मृत्यू घोषित केला तो १९६७मध्ये, म्हणजे मालिका सुरू झाली त्याच वर्षी. एरवी या नावांची जपमाळ ओढणारे अभ्यासक येथे मात्र बिनदिक्कत लेखकाच्या दारी जातात.

लेखकाच्या दारापेक्षा संहितेतले दार पाहावे. ‘प्रेम हवे’ असे सांगणाऱ्या बीटल्सच्या गाण्यावर मशीनगनचा गोळीबार होतो, अग्निबाण उडतो, वस्ती रिकामी होते आणि सुटलेले लंडनला येतात. पूर्वीचा क्रमांक दोन थेट संसदेच्या इमारतीत शिरतो. तो परतलेला नसून कामावर रुजू झालेला वाटतो. नायकाच्या घरावर १ हा आकडा आहे. मूक बुटलर पायऱ्या चढतो आणि दार आपोआप उघडते, व्हिलेजमधल्या दारांसारखाच आवाज करीत. मग मेघगर्जना, मोकळा रस्ता आणि पहिल्या भागाच्या आरंभी होती तीच गाडी. इतर कलावंतांची नावे पडद्यावर येतात. मॅकगूहन यांच्या प्रतिमेवर नाव येत नाही. तेथे एकच शब्द उमटतो : ‘प्रिझनर’.